संशोधनाचे धोरण कसे होते : कान्हापूर ते गडचिरोली

सरकारचे कोणतेही कल्याणकारी धोरण उकलून पाहिले, की त्याच्या बुडाशी एखादा आकडा सापडतो. शेतमजुराला दिवसाला किती रुपये द्यायचे, किती वस्तीमागे एक आरोग्य केंद्र बांधायचे, कोणत्या आजारावरची औषधे आधी पाठवायची, हे सारे कोणीतरी कधीतरी केलेल्या मोजणीवरून ठरते. मुंबईहून किंवा दिल्लीहून असा आकडा खाली येतो तेव्हा त्याला हिशेबाचे बळ असते आणि शासन निर्णयाचेही. त्यामुळे तो कोणी, कुठे बसून आणि कोणाला विचारून काढला याची चौकशी सहसा होत नाही. विदर्भाच्या खेड्यांत राहून ही चौकशी चिकाटीने करणारे दांपत्य म्हणजे डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग. ‘गडचिरोलीत आदिवासींची सेवा करणारे डॉक्टर’ ही त्यांची ओळख महाराष्ट्रभर रूढ आहे. ती खोटी नाही, पण त्यांच्या कामाचा अर्धाच भाग ती सांगते. रुग्णसेवेला वाहून घेतलेले डॉक्टर विदर्भाने पुष्कळ पाहिले आहेत. स्वतः मोजणी करून सरकारला आपला आकडा बदलायला लावणारे मात्र फार थोडे. म्हणून या लेखात सेवेची कथा बाजूला ठेवून त्यांच्या संशोधनाचे धोरण कसे झाले, आणि होताना त्यातले काय गळाले, एवढेच पाहू.

डॉ. अभय बंग यांचा जन्म १९५० साली वर्ध्याचा. वडील ठाकुरदास बंग हे अर्थशास्त्राचे प्राध्यापक आणि गांधीविचाराचे कार्यकर्ते. उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघण्यापूर्वी ते गांधीजींचा निरोप घ्यायला गेले, तेव्हा अर्थशास्त्र शिकायचे असेल तर अमेरिकेपेक्षा भारताच्या खेड्यांत जा, असे गांधीजींनी त्यांना सांगितले आणि त्यांनी ते ऐकले, ही हकिकत वर्धा-सेवाग्राम भागात अनेकांना ठाऊक आहे. मुलाचे शालेय शिक्षण सेवाग्रामच्या नई तालीम या गांधीविचाराच्या शाळेत झाले. राणीताई चंद्रपूरच्या. दोघांनी नागपुरात वैद्यकीय पदव्युत्तर शिक्षण घेतले. डॉ. अभय बंग यांनी औषधवैद्यक निवडले, तर राणीताईंनी स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्र. शिक्षण संपल्यावर दोघे वर्ध्याजवळच्या खेड्यांत काम करू लागले.

त्या खेड्यांपैकी एक कान्हापूर. तिथे आरोग्याचे काम करायला गेलेल्या डॉक्टरांपुढे मजुरांनी मांडलेला प्रश्न मात्र मजुरीचा होता. त्या वेळी शेतमजुराचे कायदेशीर किमान वेतन दिवसाला चार रुपये होते. ज्या घरात मजुरीवर दोन वेळची भाकर भागत नाही, त्या घरातल्या कुपोषित मुलाला औषध देऊन डॉक्टर काय साधणार, हा पेच त्यांच्यासमोर उभा राहिला. पुस्तकी डॉक्टरने इथे टॉनिक लिहून दिले असते. डॉ. बंग यांनी मात्र चार रुपये हा आकडा आला कुठून, याचा शोध घ्यायचे ठरवले.

शोध घेताना त्यांच्या हाती किमान वेतनाचा हा हिशेब मांडणाऱ्या पागे समितीचा अहवाल आला. वि. स. पागे म्हणजे महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचे जनक. १९७२ च्या दुष्काळात या योजनेने आकार घेतला, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यामागे महाराष्ट्राचा हाच अनुभव होता. पागे यांची कळकळ वादातीत होती. हे मुद्दाम सांगायचे कारण असे, की पुढे जी चूक निघाली ती दुष्टाव्याची नव्हती, हिशेबाची होती, आणि धोरणातल्या बहुतेक चुका अशाच असतात.

किमान वेतनाचा हिशेब कसा मांडतात ते एकदा समजून घेतले, की चुकीला वाव कुठे असतो हे कळते. आधी माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात ते धरायचे. तेवढे उष्मांक देणाऱ्या ज्वारी, डाळ, तेल यांची किंमत काढायची. मग एका कमावत्या माणसावर किती खाणारी तोंडे अवलंबून आहेत ते धरायचे. शेवटी कपडालत्ता, सरपण, औषधपाणी यांसाठी काही भर घालायची. यातली प्रत्येक पायरी साधी दिसते, पण प्रत्येक पायरीवर कोणालातरी काहीतरी गृहीत धरावे लागते. पद्धत कळावी म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका माणसाच्या दिवसाच्या जेवणाला एक रुपया लागतो आणि घरात पाच माणसे असून त्यांतली दोन कमावती आहेत, असे समजा. पाच रुपयांचा खर्च दोघांत वाटला तर मजुरी अडीच रुपये निघते. पण कोरडवाहू गावात मजुराला वर्षाचे ३६५ दिवस काम कुठे मिळते? निंदण, कापसाची वेचणी आणि ज्वारीची कापणी आटोपली, की हात रिकामे होतात. पोट मात्र वर्षभर भरावेच लागते. वर्षाला प्रत्येकी दोनशे दिवसच काम मिळते असे धरले, तर १,८२५ रुपयांचा वार्षिक खर्च ४०० रोजांतून निघायला हवा, म्हणजे रोजची मजुरी सुमारे ४ रुपये ५६ पैसे होते. त्यात जेवणापलीकडच्या खर्चासाठी पाव पट भर घातली, की ती ५ रुपये ७० पैशांवर जाते. घर तेच, ज्वारी तीच आणि भावही तोच. तरी अडीच रुपयांचे पावणेसहा रुपये झाले. दिवसभर वाकून निंदण करणाऱ्या बाईचे उष्मांक बैठे काम करणाऱ्या माणसाइतकेच धरले, तर हिशेब आणखी बिघडतो, आणि कागदावर तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

डॉ. बंग यांनी पागे समितीच्या मांडणीतल्या अशा अनेक चुका दाखवल्या आणि समितीचीच रीत नीट वापरली तर किमान वेतन चार नव्हे, बारा रुपये निघते, हे सिद्ध केले. त्यांनी सरकारपुढे दयेची याचना केली नाही. सरकारने स्वतः मान्य केलेल्या तत्त्वावरच बोट ठेवले. मजुरांच्या संघटनांना त्यामुळे हातात धरायला एक कागद मिळाला, मोर्चे निघाले आणि अखेर राज्य सरकारने किमान वेतन बारा रुपये केले. औषधाच्या एका गोळीविना लाखो घरांतल्या जेवणावर परिणाम करणारे हे संशोधन एका डॉक्टरने केले, ही गोष्ट वैद्यकीय महाविद्यालयांत अजूनही पुरेशी शिकवली जात नाही, असे मला वाटते.

यानंतर दोघे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य शिकायला गेले आणि १९८४ साली ती पदवी घेऊन परतले. मुंबई-दिल्लीच्या संस्थांऐवजी त्यांनी गडचिरोली निवडले. चंद्रपूरपासून वेगळा होऊन १९८२ साली झालेला हा जिल्हा तेव्हा नवा होता. जंगल, धानाची शेती, मोहफूल आणि तेंदूपाने यांवर जगणारा, आणि सरकारी नोकरांच्या बोलण्यात शिक्षेची बदली म्हणून ओळखला जाणारा. तिथे त्यांनी ‘सर्च’ ही संस्था सुरू केली.

गडचिरोलीत हात घातलेला पहिला विषय फसला, आणि तो का फसला हे समजून घेण्यासारखे आहे. आदिवासींमध्ये सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे का, हे त्यांनी तपासले. आजार आढळला आणि शास्त्रीयदृष्ट्या निष्कर्ष मोलाचाही होता. पण लोकांना त्यात रस वाटला नाही. कारण बरा न होणारा आजार मोजून द्या, असे कोणीच म्हटले नव्हते. प्रश्न संशोधकाचा होता, गावाचा नव्हता. म्हणून पुढे विषय निवडताना आधी लोकांना विचारायचे, असा शिरस्ता पडला. दवाखाना कसा हवा, हेही असेच विचारून ठरले. मोठ्या इमारतीची आणि पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते, नातेवाइकांना राहायला जागा नसते, दवाखान्यात आपला देव नसतो, असे लोकांनी सांगितले. त्यावरून शोधग्राम या ‘सर्च’च्या परिसरात गोंडांच्या वस्तीसारख्या झोपड्यांचा दवाखाना उभा राहिला आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले.

विषय लोकांकडून घेतल्याचा खरा परिणाम १९८९ साली जगाला दिसला. सरकारच्या लेखी तेव्हा ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया, एवढेच होते. बायका मात्र राणीताईंना अंगावरून जाणे, ओटीपोटात दुखणे, पाळीचा त्रास या गोष्टी सांगत, आणि त्या सांगण्यासारख्या नाहीत अशी समजूत असल्यामुळे फार हळू आवाजात सांगत. वसा आणि अमिर्झा या गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी झाली. त्यांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक तरी स्त्रीरोग होता; सरासरी एका बाईला ३.६ रोग, आणि याआधी कधी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के होत्या. तक्रार नाही असे सांगणाऱ्या पुष्कळ बायकाही तपासणीत आजारी निघाल्या. दवाखान्यात आलेल्या बायकाच मोजल्या असत्या, तर हा आकडा कधीच निघाला नसता, कारण दवाखान्यात न येणे हाच तर त्या आजाराचा भाग होता. ‘लॅन्सेट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात हा अभ्यास छापून आला, आणि १९९४ च्या कैरो इथल्या जागतिक लोकसंख्या परिषदेत लोकसंख्या नियंत्रणाऐवजी प्रजनन आरोग्याचा विचार मांडला गेला तेव्हा त्या बदलाला आधार देणाऱ्या अभ्यासांत त्याची गणना झाली.

त्याच सुमारास बालमृत्यूचे काम सुरू झाले. बालमृत्यूदर म्हणजे जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी वर्षाच्या आत दगावलेली बाळे. तो काढायला दोन गोष्टी नेमक्या माहीत असाव्या लागतात : जन्म किती झाले आणि मृत्यू किती. खेड्यात दोन्ही निसटतात. माहेरी झालेले बाळंतपण सासरच्या गावात नोंदले जात नाही. नाव ठेवायच्या आत गेलेले मूल बहुधा कुठेच नोंदले जात नाही, आणि ते मेलेले जन्मले की जन्मून गेले, हे विचारल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘सर्च’ने सरकारी नोंदींवर विसंबण्याऐवजी स्वतःची नोंदणी उभारली. गावातला कार्यकर्ता जन्म-मृत्यू लिहून ठेवी, पर्यवेक्षक ते तपासत, आणि ठरावीक काळाने वेगळे पथक घरोघरी जाऊन राहून गेलेल्या घटना शोधी. कंटाळवाणे काम आहे हे. पण पुढचे सगळे निष्कर्ष या नोंदींवर उभे आहेत.

मृत्यूंच्या कारणांत न्यूमोनिया मोठा होता. तो ओळखायची सोपी खूण म्हणजे श्वासाची गती : दोन महिन्यांखालचे बाळ मिनिटाला साठ किंवा अधिक, आणि त्यावरचे वर्षाच्या आतले बाळ पन्नास किंवा अधिक श्वास घेत असेल, तर संशय घ्यायचा. अडचण अशी, की घराघरात शिरकाव असलेल्या सुइणींना बाराच्या पुढे मोजता येत नव्हते. यावर निघालेले साधन पाहण्यासारखे आहे. छोट्या चौकटीत मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळासाठी आणि एक त्याहून मोठ्यासाठी, आणि सोबत मिनिटाचे वाळूचे घड्याळ. वाळू उलटी करायची, बाळाच्या पोटाकडे पाहत दहा श्वास मोजायचे आणि एक मणी सरकवायचा, पुन्हा दहा मोजायचे आणि पुन्हा एक मणी. वाळू संपण्याआधी ओळीतल्या शेवटच्या, लाल मण्यावर बोट गेले, तर न्यूमोनिया समजून औषध सुरू करायचे. सुईणबाईंना शंभरापर्यंत शिकवण्याच्या भानगडीत न पडता, त्यांना येणाऱ्या मोजणीतच निदान बसवले. १९९० साली छापलेल्या या प्रयोगाच्या निष्कर्षांत, उपचार मिळालेल्या मुलांत न्यूमोनियाने मृत्यूचे प्रमाण ०.८ टक्के होते, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के होते.

तुलनेची गावे म्हणजे काय, हे इथे सांगायला हवे. एखाद्या वर्षी पाऊसपाणी चांगले झाले, रस्ता झाला, भाव चांगला मिळाला, तर मृत्यू आपोआपही घटू शकतात. ती घट प्रयोगाच्या नावावर जमा होऊ नये म्हणून तशीच काही गावे निवडतात, जिथे सरकारी सेवा पूर्वीप्रमाणे चालू राहतात पण नवा उपाय केला जात नाही, आणि दोन्हीकडची मोजणी सारखीच करतात. त्या गावांतल्या बाळांचे काय, हा प्रश्न कोणालाही पडेल आणि तो पडावाच. त्यावरचे प्रामाणिक उत्तर इतकेच, की तुलनेशिवाय सरकार पुरावा मानत नाही, आणि पुराव्याशिवाय उपाय त्या गावांपर्यंतही जात नाही.

न्यूमोनिया आटोक्यात आल्यावर उरलेले मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात साचलेले दिसले. १९९५-९६ साली ३९ गावांतल्या ७६३ नवजात बाळांचे नुसते निरीक्षण केले, तेव्हा निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती असे आढळले. ती प्रत्यक्ष मिळाली २.६ टक्के बाळांना. दगावलेल्या ४० पैकी ३८ बाळे घरीच गेली. आजारी बाळाला रुग्णालयात न्या, हा त्या काळचा शास्त्रशुद्ध सल्ला. ओली बाळंतीण, अंधारी खोली, पावसाळ्यात नाल्यांनी तुटलेली वाट, गाठीला पैसा नाही आणि बाळ तर बाराव्या दिवसाच्या आतले : या घरासाठी त्या सल्ल्याचा उपयोग शून्य होता. मग उपचारच घरी नेला. गावातलीच, थोडे शिकलेली बाई आरोग्यदूत म्हणून निवडली. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार पिशवीत ठेवणे, आईला पाजायला मदत करणे आणि न रडणाऱ्या बाळाला नळी-मुखवट्याने श्वास देणे, हे तिला शिकवले. सर्वांत वादाचा भाग जंतुदोषाचा होता. बाळ चोखेनासे झाले, रडणे क्षीण झाले, अंग ढिले पडले, गार लागू लागले, अशा ठरावीक लक्षणांपैकी किमान दोन एकाच वेळी दिसली, की आईवडिलांना रुग्णालयात जाण्याचा सल्ला द्यायचा, आणि ते जात नसतील तर त्यांच्या संमतीने जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन स्वतः द्यायचे. दहावीही न झालेल्या बाईने नवजात बाळाला सुई टोचावी, या कल्पनेवर डॉक्टरमंडळी संतापली. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आकडे आले : प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूदर हजारी ६२ वरून २५.५ वर उतरला होता, तुलनेच्या गावांत तो साठाच्या आसपासच राहिला होता, आणि जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यू १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले होते.

पुरावा आल्यावरही धोरण व्हायला बारा वर्षे लागली. महाराष्ट्रात इतर संस्थांनी वेगळ्या ठिकाणी तोच प्रयोग करून पाहिला; भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने पाच राज्यांत तपासला; २००५ साली ‘आशा’ ही सरकारी योजनेतली गावपातळीवरची आरोग्य कार्यकर्ती आली आणि अशी बाई प्रत्येक गावात असू शकते हे सरकारलाही मान्य झाले; २००९ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी गृहभेटींची शिफारस केली; आणि २०११ साली केंद्र सरकारने घरोघरी नवजात बालसेवा हा देशाचा कार्यक्रम म्हणून स्वीकारला. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल तर आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, म्हणजे सहा भेटी द्यायच्या. घरी झाले असेल तर पहिल्या दिवसाची धरून सात. मोबदला २५० रुपये.

गडचिरोलीतला उपाय देशभर गेला हे खरे, पण तो जसाच्या तसा गेला नाही. आशाताईंना जेंटामायसिन द्यायची मुभा मिळाली नाही. तीन वर्षांनी ती मिळाली नर्सताईंना, म्हणजे बाळाच्या घरापासून उपकेंद्राइतक्या अंतरावर. गडचिरोलीत डॉक्टर-पर्यवेक्षक नेमाने गावात येऊन आरोग्यदूताच्या नोंदी तपासत आणि तिच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करीत. देशाच्या योजनेत भेटींचे वेळापत्रक पोहोचले, ती देखरेख तेवढ्या प्रमाणात पोहोचली नाही, आणि आशाताईंवर सर्वेक्षणापासून लसीकरणापर्यंत इतर कामे वाढत गेली. देशाचा नवजात मृत्यूदर २०११ मध्ये हजारी ३१ होता, तो २०२० मध्ये २० झाला. पण याच काळात रुग्णालयातली बाळंतपणे वाढली आणि जिल्हा रुग्णालयांत नवजात बालकांचे खास कक्ष सुरू झाले, त्यामुळे या घटीतला कोणता वाटा गृहभेटींचा, हे कोणी ठामपणे सांगू लागले तर त्याला आधी तुलनेची गावे दाखवायला सांगावे.

बंग दांपत्याने लावून धरलेला दारूबंदीचा विषय इथे थोडक्यातच घेतो, कारण तिथे मोजणीपेक्षा लोकांच्या आंदोलनाचा वाटा मोठा होता. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे; शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. बंदीने दारू संपते असे नाही, आणि विरोधकांचा तो मुद्दा बरोबर आहे. बंदी नसताना किती पिली जात होती हे आधी मोजले असेल, तरच ‘कमी झाली की नाही’ या प्रश्नाला अर्थ राहतो. आदिवासी आरोग्यावर केंद्राने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचे अध्यक्षपदही डॉ. बंग यांच्याकडे होते. २०१८ च्या तिच्या अहवालासमोरची पहिली अडचण अशी होती, की देशातल्या दहा कोटींहून अधिक आदिवासींच्या आरोग्याचे वेगळे आकडे अनेक बाबतींत सरकारकडे नव्हतेच.

आता पुन्हा त्या २५० रुपयांकडे येऊ, कारण धोरणाची खरी परीक्षा अशा बारीक कलमांत होते. २०११ च्या मूळ अटींप्रमाणे हा मोबदला बेचाळीस दिवस संपल्यावर एकरकमी मिळायचा. बाळाचे वजन लिहिलेले हवे, जन्मनोंद झालेली हवी, सुरुवातीच्या लसी दिलेल्या हव्यात, आणि बेचाळिसाव्या दिवशी आई व बाळ दोघेही सुखरूप हवेत, अशा त्या अटी. शेवटची अट वरवर शहाणपणाची वाटते. पण पाच भेटी देऊन, वजन करून, रुग्णालयात न्यायला घरच्यांना विनवूनही बाळ दगावले, तर त्या अटीचा शब्दशः अर्थ आशाताईंचा मोबदला बुडाला असा होतो, आणि गावातला मृत्यू नोंदवणारी पहिली व्यक्तीही बहुधा त्याच असतात. ज्या कार्यक्रमाचा पाया निसटलेले मृत्यू शोधून लिहिण्यावर घातला गेला, त्याच्याच कलमात मृत्यू न लिहिण्याला असे प्रोत्साहन शिरले. मसुदा लिहिणाऱ्याने एकदा गडचिरोलीतल्या धानोरा किंवा एटापल्लीच्या एखाद्या आशाताईंना तो वाचून दाखवला असता, तर त्यांनी हे त्याला चहा संपायच्या आत सांगितले असते.